ज्याच्यापुढे ठेवलं, तो सोयरा

कुमासीच्या बाजारात नव्यानं लग्न झालेल्या पोरी मला बघून रस्ता बदलतात. दोष त्यांचा नाही. आमच्या सिनेमांत सासू म्हटली की मी, बिरागो, आणि बिरागो म्हटली की सुनेच्या ताटातला मासा उचलणारी बाई, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. खरं तर मला सून नाही, लेक नाही. घरात मी आणि एक बोकड. तोंड मात्र माझं खरंच सासूचं आहे, ते काही नाटक नाही. तेव्हा सांगते ते गुमान ऐका आणि मध्ये मध्ये 'असं कुठे असतं का' म्हणू नका. मी तिथे होते.

ग्यासी आमचा दिग्दर्शक. त्याच्या हाती कॅमेरा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं मी त्याच्या तोंडावर म्हणते आणि तो हसतो, कारण त्याचे सिनेमे चालतात. आमच्याकडे संवाद कोणी लिहून देत नाही. सकाळी ग्यासी तोंडी प्रसंग सांगतो, आम्ही उभ्या उभ्या बोलायला लागतो. आठवडाभरात सिनेमा पुरा, पुढच्या महिन्यात सीडी बाजारात आणि कर्णे लावलेली गाडी गावभर बोंबलत फिरते. त्या वर्षी त्याच्या डोक्यात माकडांनी वाढवलेली बाई शिरली होती. तान्ही असताना जंगलात हरवलेली, मोठी झाल्यावर कळतं की ती एका बड्या घराण्याची एकुलती वारस. मग तिला धरून आणायची आणि माणसात बसवायची. बसवणार कोण, तर मी.

मी तिला शिकवायचं. डाव्या हातानं कोणाला काही द्यायचं नाही. बैठकीत शिरलं की उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांचे हात हातात घ्यायचे. पाहुण्याला पाणी दिल्याशिवाय 'का आलात' विचारायचं नाही. फुफूचा, म्हणजे कुटलेल्या कंदाचा, गोळा चावायचा नाही, गिळायचा. आणि तिनं यातलं सगळं उलटं करायचं. मुखियाच्या डोक्यातल्या उवा वेचायच्या, टेबलावर बसून जेवायचं, आवडलेल्या माणसाचा कान चावायचा. ग्यासीचं म्हणणं, चांगले कपडे आणि भुकेलं पोट यांची मारामारी लागली की लोक हसतात, एवढंच त्याचं शास्त्र. मी म्हटलं, तुझं शास्त्र घाल चुलीत, माझ्या जेवणाचं काय ते बोल.

माकडांची बाई झाली होती दुफिए. तिला तुम्ही ओळखत असाल. बारीक चणीची, मोठ्या तोंडाची, नुसती दारात येऊन उभी राहिली तरी लोक फिदीफिदी हसायला लागतात. तिची आई बोआतेमा आणि मी तरुणपणी एकाच फिरत्या नाटक मंडळीत होतो. ट्रकच्या मागच्या बाजूला एका चटईवर झोपायचो, एकाच वाडग्यात जेवायचो, आणि भांडलो तर चार-चार गावं अबोला धरायचो. बोआतेमा गेली तेव्हा दुफिए शाळेत होती. तेव्हापासून ती मला मावशी म्हणते आणि मी तिच्यावर ओरडते. आमचं असं बरं चाललंय.

तर या दुफिएला त्या सिनेमाच्या थोडं आधी मुलगी झाली. आणि पाचव्या दिवशी ती पोर गेली.

आता आमच्यातली रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. आठव्या दिवसाआधी मूल आमच्यात माणूस नसतं, पाहुणं असतं. पलीकडून नुसतं बघायला आलेलं. आवडलं तर राहतं, नाही तर आल्या पावली परत. आठव्या दिवशी पहाटे त्याला घराबाहेर आणतात, जिभेवर पाण्याचा थेंब आणि दारूचा थेंब ठेवतात, नाव ठेवतात, म्हणजे ते आपलं झालं. त्याआधी गेलं तर त्याला मयत नाही. शोकाचं लाल-काळं नेसायचं नाही, डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. आईबापानं आनंदाचं पांढरं नेसायचं, शेंगदाण्याचा रस्सा पोटभर खायचा आणि हसायचं. म्हणजे त्या पाहुण्याला समजतं की इथे कोणाचं काही अडलेलं नाही, परत असला चाळा करायला यायचं नाही. आई रडली तर तिच्या पोटाचं दार लागतं, पुढचं मूल टिकत नाही. मी याला काही नावं ठेवत नाहीये. माझ्या आईनं पाळलं, तिच्या आईनं पाळलं. मी मानते.

दुफिएच्या सासूनं स्वतः रस्सा केला होता. मी शेजारीच बसले होते. दुफिएनं वाडगं पुसून खाल्लं आणि हसली, अगदी सिनेमात हसते तसं. तिचा नवरा ओतेंगही हसला. मला वाटलं, पोरगी निभावून नेतेय. पण त्यानंतर तिच्या घशाखाली घास उतरेना. दूध आटायला तिनं छातीला कापड करकचून बांधलं होतं, तरी दूध थांबेना. आणि सासू रोज संध्याकाळी ओतेंगला फोन करायची. एकच प्रश्न: हसतेय ना? ओतेंग म्हणायचा, हसतेय.

आम्ही चित्रीकरणाला निघालो. टेचिमानच्या पुढे गाडी कच्च्या रस्त्याला लागली तेव्हा दुफिए माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मला वाटलं झोपली. ती हळूच म्हणाली, "मावशी, मला मूल हवंय. म्हणून मी रडत नाहीये. पण ते रडू आत अडकून बसलंय आणि मला जेवू देत नाही. असं किती दिवस चालतं?"

मला काय ठाऊक. मी म्हटलं, बाहेर बघ, हवा खा. दुसरं काय सांगणार.

ग्यासीनं चित्रीकरणासाठी ओडुमक्रोम निवडलं होतं, कारण तिथे माकडं फुकट मिळतात. गावाला लागून देवराई आहे आणि राईतली माकडं त्या देवाची लेकरं. उंच फांद्यांवर लांब पांढऱ्या केसांची काळी वानरं बसतात, ती खाली उतरत नाहीत, मोठ्या घराण्यातली असल्यासारखी वरूनच बघतात. खाली येतात ती छोटी तपकिरी माकडं. ती सरळ स्वयंपाकघरात शिरतात, टोपलीतला कंद उचलतात, आणि गावातली बाई त्यांना नुसतं 'अगं, पोरांसाठी ठेव की जरा' म्हणते. कोणी दगड उचलत नाही. मेलेलं माकड दिसलं तर ते तसंच टाकून पुढे जायचं नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळून, जमिनीवर दारू ओतून, माणसासारखं पुरायचं. राईच्या कडेला त्यांची वेगळी स्मशानभूमी आहे, छोटे छोटे उंचवटे. या सगळ्याचा कारभार नाना क्येरेमे नावाच्या पुजाऱ्याकडे. वाळलेल्या अंगाचा म्हातारा, बोलणं मोजकं, नजर अशी की ग्यासीसारखा बडबड्याही त्याच्यापुढे टोपी काढून उभा राहिला.

पहिले दिवस मजेत गेले. एका माकडानं माझा विग पळवला आणि छपरावर बसून त्यातल्या उवा शोधल्या. गाव लोटपोट हसलं. माझ्या रागाचा पारा चढला, पण कॅमेरा चालू होता, तेव्हा मी तसंच ओरडून घेतलं आणि ग्यासीनं ते सिनेमात ठेवलं. दुफिए त्या माकडांकडे तासन् तास बघत बसायची. ती मान कशी वळवतात, फळ कसं हुंगतात, आणि एकदम कशी दचकतात. मग कॅमेऱ्यापुढे तेच करायची. नाना क्येरेमे एकदा बघायला आले, न हसता उभे राहिले आणि जाताना म्हणाले, ही पोरगी नीट बघते.

अडलं ते शेवटच्या प्रसंगात. मोठ्या घराचं अंगण, लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, उकडलेला कंद, अंडी, सगळा थाट. दुफिए आता पूर्ण सुधारलेली, केंटेचं भारी रंगीत कापड नेसलेली, हातात चमचा. एवढ्यात कोणी तरी निरोप आणतं की जंगलातली तुझी माकडीण आई गेली. सगळी बडी मंडळी तिच्याकडे बघतायत, ती आता शिकवल्याप्रमाणे 'देवाची मर्जी' म्हणणार. आणि तिनं चमचा फेकून अशी किंकाळी फोडायची की सगळं शिकवलेलं एका क्षणात गळून पडावं. ग्यासीला ती किंकाळी अशी हवी होती की लोक आधी हसतील आणि मग त्यांचं हसू घशातच राहील.

दुफिएनं किंकाळी फोडली. आम्ही हसलो. पुन्हा फोडली, आणखी हसलो. टेबलावर उडी मारली, छाती बडवली, कॅमेरावालाही हसून हलला. ग्यासी हसत नव्हता. म्हणाला, हे नुसतं हसवतंय. दुफिए टेबलावरून उतरली, केंटे सारखं केलं आणि म्हणाली, "माझ्याकडे एवढंच आहे." बरं बरं, उद्या बघू, म्हणून ग्यासीनं विषय संपवला. तिच्या पोलक्यावर पुढे ओलं झालं होतं. मी तिला खांद्यावरून कापड पांघरलं आणि घाम फार येतो बाई, असं मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माकडीण आली.

अंगणाच्या भिंतीवर बसली. एका हातानं पोटाशी काही धरलेलं. आधी वाटलं चोरीचा कंद असेल. मग ते लोंबलं आणि दिसलं की पिल्लू आहे, मेलेलं. डोकं एका बाजूला कललेलं, बोटं अर्धी मिटलेली. माकडीण त्याचे केस विंचरत होती. एक एक केस बाजूला करून बघायची, काही सापडलं की तोंडात टाकायची, पुन्हा पुढे. जिवंत पोराचं करतात तसंच, तितक्याच बारकाईनं. अंगणात वीस माणसं होती, जो तो हातातलं काम टाकून बघत होता.

नाना क्येरेमे आले. त्यांनी सांगितलं, ती खाली ठेवेल तेव्हाच पुरायचं, तोवर कोणी हात लावायचा नाही आणि तिच्यासमोर हसायचं नाही. हसवायचा धंदा तोवर बंद. ग्यासीनं विचारलं, नाना, साधारण कधी ठेवेल? नाना म्हणाले, "तुला कधी खाली ठेवतेस, असं तुझ्या आईला कोणी विचारलं होतं का?" ग्यासीनं कॅमेऱ्यावर कापड टाकलं.

मग आम्ही थांबलो. टेबल अंगणात तसंच मांडलेलं राहिलं. गावातल्या बायका कामं करताना हळू बोलायच्या. माकडीण झाडावर जायची, परत भिंतीवर यायची, पिल्लू एका हातात, त्यामुळे उडी मारताना तिचा तोल जायचा. ते पडायचं. ती खाली उतरायची, उचलायची, झटकायची, पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला. इतर माकडं तिच्यापासून दूर बसायची. तिनं सोडलं नाही.

दुफिए तिच्यासमोर पायरीवर बसून होती. मी तिला आत चल म्हटलं, जेवायला चल म्हटलं, रागावले, लाडीगोडी लावली. शेवटी हात टेकले. तिची ती नजर मी आधी कधी पाहिली नव्हती. मत्सर होता का त्यात? होता. मी खोटं कशाला बोलू. त्या जनावराला कोणी सांगितलं नव्हतं की ठेव खाली, पांढरं नेस, हस. आणि मला मनातून धास्ती वाटायला लागली की ही आता फुटणार. फुटली तर पुढचं मूल गेलंच. म्हणून मी तिला पहारा द्यावा तशी चिकटून बसले.

ग्यासीला स्वस्थ बसवेना. चित्रीकरण बंद, पण आवाज घ्यायला काय हरकत आहे, म्हणून त्यानं नानांची परवानगी काढली आणि ओतेंगला राईचे आवाज घ्यायला बसवलं. ओतेंग म्हणजे आमचा आवाजवाला. स्वभावानं गरीब. बायकोसमोर काय बोलावं हे न कळल्यामुळे त्या दिवसांत तो कानांवरची ती यंत्रं काढतच नव्हता. अंगणाच्या कोपऱ्यात काठीला लावलेला माइक धरून डोळे मिटून बसायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हं कलती झाली आणि माकडीण भिंतीवरून उतरली. सरळ टेबलाकडे आली. खुर्चीवर, खुर्चीवरून पांढऱ्या कापडावर. दुफिएला मी जेवायला टेबलापलीकडेच बसवलं होतं, हात लांब केला असता तर लागला असता. माकडिणीनं पिल्लू ताटांच्या मधोमध ठेवलं. त्याचा हात सरळ केला. जरा बाजूला झाली, परत आली, पुन्हा बाजूला झाली. तिनं वर दुफिएकडे बघितलं. मग दुफिएच्या न शिवलेल्या ताटातल्या कंदाची फोड उचलली आणि खायला लागली. दोन्ही हातांनी, भराभरा, गाल फुगवून. किती दिवसांची भूक होती देव जाणे. खाऊन झालं, तोंड पुसलं आणि भिंतीवर चढून राईत निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही त्याच टेबलावर हसवण्यासाठी काय काय केलं होतं. पोट आणि शिष्टाचार, चमचा आणि किंकाळी. ती बाई येऊन आपलं बाळ ठेवून, जेवून गेली, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, रडण्यासारखंही नव्हतं. नुसतं हात जोडावे असं होतं.

नानांनी मूठभर माणसं बोलावली, पांढरं कापड आणलं. गावातल्या बायकांनी लाल-काळं नेसलं, मीही सिनेमाच्या पेटीतलं लाल कापड खांद्यावर घेतलं, गावाचा मान म्हणून. दुफिएला मात्र मी मुद्दाम पांढरं दिलं. राईच्या कडेला खड्डा खणला. नानांनी दारू ओतली आणि विचारलं, या पिल्लाचं सोयरं कोण? सगळं गाव दुफिएकडे बघायला लागलं. तिथली रीत अशी की माकड ज्याच्यापुढे ठेवलं जातं, तो त्याचा सोयरा. त्यानं पुढे उभं राहायचं, नाव द्यायचं, शोक करायचा. बिननावाचं जमीन घेत नाही.

मी पुढे झाले आणि नानांच्या कानाशी लागले. म्हटलं, नाना, या पोरीला शोक चालत नाही. हिचं पाचव्या दिवशी गेलंय. आमच्या रीतीत बसत नाही, दुसरं कोणी उभं करा.

नानांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, हे माकडाचं मयत आहे. माकडाला आठवा दिवस नसतो. जन्मलं की झालं."

मी बाजूला झाले आणि दुफिएला वाट दिली.

दुफिए खड्ड्यापाशी गेली. नानांनी नाव विचारलं. तिनं त्या पांढऱ्या कापडाची घडी सारखी केली. मग म्हणाली, "बोआतेमा."

माझ्या मैत्रिणीचं नाव. ते नाव दुफिएच्या बाळासाठी ठरलं होतं हे फक्त मला आणि ओतेंगला ठाऊक होतं. ते बाळाच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. आणि ते आता तिनं माकडाच्या पिल्लाला दिलं, असं गावाला वाटलं. खरं ते कोणाला दिलं, हे मला माहीत होतं.

मग तिच्यातून तो आवाज निघाला. मी आयुष्यभर रडण्याचे पैसे घेतलेत, रडणं म्हणजे काय हे मला शिकवू नका. पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. सुरुवातीला तर तो माणसाचा वाटलाच नाही. खालून, पोटाच्याही खालून आला, थांबला, श्वास घेतला आणि पुन्हा आला. ती गुडघ्यांवर बसली आणि मातीत हात खुपसले. छातीवरचं पांढरं कापड दुधानं भिजलं, सगळ्यांसमोर, आणि कोणी नजर वळवली नाही. वर राईत चिडीचूप झालं. उंच फांद्यांवरची ती घमेंडी वानरं एकेक करून खाली आली, मधल्या फांद्यांवर बसली आणि बघत राहिली. गावातले म्हातारे म्हणाले, असं आम्ही कधी पाहिलं नाही. त्या आवाजापुढे मला माझी आई, आजी, त्यांनी केलेले सगळे रस्से आणि त्यांचं ते हसणं आठवलं. त्या बायांनी हे कुठे ठेवलं असेल?

मी काय करतेय हे मला कळायच्या आत मी खांद्यावरचं लाल कापड काढलं आणि दुफिएच्या कमरेला बांधलं. गाठ घट्ट मारली. पोटाचं दार लागायचं असेल तर लागू दे, म्हटलं, पण आईला लाल मिळालं पाहिजे.

ओतेंग मागे काठी धरून उभा होता. कानांवरची यंत्रं तशीच. त्यामुळे ते नाव आणि तो आवाज त्याच्या डोक्याच्या आत शिरला असणार, आम्हा कोणापेक्षा जवळून. त्यानं यंत्रं काढली, माइक गवतात टाकला आणि येऊन बायकोशेजारी मातीत बसला. दोघांनी मिळून ते छोटं पांढरं गाठोडं खाली ठेवलं.

संध्याकाळी ग्यासीनं चाचरत विचारलं, आवाज आला का रे? ओतेंग म्हणाला, आला होता, पुसला. ग्यासी भडकेल असं मला वाटलं. तो म्हणाला, बरं केलंस.

सिनेमाचं म्हणाल तर तो तुम्ही पाहिला असेल. शेवटी दुफिए किंचाळत नाही. निरोप ऐकते, चमचा बाजूला ठेवते आणि डाव्या हातानं कंद उचलून खाते. बस. लोक डाव्या हाताला हसतात आणि मग एकदम गप्प होतात. कुमासीत मी मागच्या रांगेत बसून ते गप्प होणं ऐकलंय.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मयतानंतर गावानं नानांच्या ओट्यावर जेवण घातलं, आणि नशीब बघा, फुफू आणि शेंगदाण्याचाच रस्सा. वाडगं दुफिएपुढे आलं आणि माझा जीव टांगणीला लागला. तिनं बराच वेळ वाफ बघितली. डोळे अजून वाहत होते. मग तिनं बोटं बुडवली, घास तोंडात टाकला आणि चावायला लागली. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "चावू नको, गिळ." ती रडता रडता हसली. खोटं नाही, खरं, नाकातून. मग आणखी एक घास घेतला. मी मोजले नाहीत, पण वाडगं रिकामं झालं.

तेवढ्यात फोन वाजला. ओडुमक्रोममध्ये फोन लागतो तो फक्त नानांच्या ओट्यावर, आणि तोही मोठ्या आवाजावर ठेवला तरच ऐकू येतो. त्यामुळे ओतेंगच्या आईचं बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. तिनं नेहमीचंच विचारलं. हसतेय ना?

ओतेंगनं दुफिएकडे बघितलं, तिच्या कमरेच्या लाल कापडाकडे बघितलं. म्हणाला, "नाही, आई. रडतेय. मीही रडतोय. आज आम्ही बोआतेमाला पुरलं."

"कोण बोआतेमा?"

"तुझी नात."

मला वाटलं म्हातारी फोन आपटेल, नाही तर आता शिव्या येतील. मी उत्तर द्यायला बाह्या सरसावूनच बसले होते. मग म्हातारीचा आवाज आला, इतका बारीक की नानाही पुढे वाकले. तिनं विचारलं, "कापडात नीट गुंडाळलं होतं ना रे तिला?"

"हो, आई," ओतेंग म्हणाला. "पांढऱ्या."